मालनचा किनाऱ्यांचा राउंड

आम्हा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ग्रीसमधल्या एका समुद्रकिनाऱ्याला डिस्चार्ज देणं.

संध्याकाळी मालननं बांगडे तळले होते. वास घरात कोंडू नये म्हणून खिडकी उघडी, आणि उघड्या खिडकीतून एडिनबराचा वारा आत, म्हणून तिच्या अंगात माझा स्वेटर. जेवणं झाली. ओटा पुसून ती चष्मा लावून टॅबलेट घेऊन बसली. "चला, राउंड घेऊ," म्हणाली. मी आपला समोरच्या खुर्चीत. तिनं बोटांनी एक फोटो मोठा केला, बघितला, तोंडानं च्यक केलं.

"मुतखडेवाला. ह्याला कशाला उगाच बेड अडवून ठेवायचा? डिस्चार्ज."

मग कप तिनं विसळले, मी पुसले. दुसऱ्या दिवशी दुपारी बसस्टॉपवर ती खाली बसली, ती उठलीच नाही.

आता ही काय भानगड ते सांगतो. माझी बायको नर्स. सारा जन्म वॉर्डात गेला. रिटायर झाली तरी राउंडची सवय जाईना, आणि घरात पेशंट म्हणून मी एकटा. माझ्यानं तिचं भागेना. मग तिनं किनारे धरले. नॅक्सॉस म्हणून ग्रीसचं एक बेट आहे. दातांच्या डॉक्टरकडं थांबलो होतो, तिथल्या मासिकात तिला त्याचा फोटो दिसला. निळं पाणी, आणि त्यात छातीपर्यंत उभं राहून गप्पा मारणारी दोन म्हातारी माणसं. म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी. मालननं पान माझ्या नाकाखाली धरलं.

"हे बघा."

"बघितलं."

"बघितलं म्हणजे डोळे फिरवले. बघा जरा."

त्या दिवसापासून राउंड सुरू. तिकडची नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं वॉर्डातल्यासारखी दुखण्यावरून नावं ठेवली. गोटे असलेला तो मुतखडेवाला. वारा सुटणारा तो दमेवाला. एक झाड नाही, सावली नाही, तो टकल्या. एकाचा रस्ता इतका चिंचोळा की गाड्या अडकल्या की सुटत नाहीत, तो बद्धकोष्ठवाला. ज्याच्या पाण्यात दोन पावलांवर खोल, तो हार्टवाला, कारण तो कधी दगा देईल सांगता येत नाही.

लोकांनी लिहिलेलं ती मला मराठीत करून वाचून दाखवायची आणि वाचता वाचता भांडायची. "ही बाई लिहिते, स्वर्ग आहे. हिला काय विचारायचं? पाच स्टार देणारे सगळे नवीन लग्न झालेले. तीन स्टारवाला शोधा. तीन स्टारवाल्याला गुडघे असतात."

मी चिडायचो. म्हणायचो, "अगं, पोरगी बघायला गेल्यावरसुद्धा माणसं इतकं बघत नाहीत."

"म्हणून तर फसतात," ती म्हणायची. "मी नाही का फसले?"

एकदा तर तिनं सरळ ग्रीसला फोन लावला. तिकडं एका किनाऱ्यावर खाणावळ होती, तिच्या मालकाला. खोलीत गेली, दार लोटलं, आणि धडाधड इंग्रजी. माझं इंग्रजी लाँड्रीपुरतं, भिंतीपलीकडचं काय कळणार! नुसतं हसणं ऐकू आलं. बाहेर आली तर डोळे पुसत होती.

"काय म्हणाला?"

"या म्हणाला. ऑब्झर्व्हेशनखाली ठेवू त्याला."

आता माझं. मी माणदेशातला, शाळा चौथीपर्यंत. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाला असलेली वस्तू, दोरानं वर ओढायची. मालन वेंगुर्ल्याची. आमच्या सरकारी दवाखान्यात बदली होऊन आली, मी तिथं चादरी धुवायला होतो. रक्ताचे डाग गार पाण्यानंच जातात हे तिनं मला सांगितलं आणि मला ते आधीच ठाऊक होतं, तिथून आमचं जमलं. पुढं तिला इकडची नोकरी मिळाली आणि मी मागून आलो, इकडच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागलो. पोरबाळ झालं नाही. दोघंच.

लग्नानंतर पहिल्यांदा वेंगुर्ल्याला गेलो तेव्हा तिनं हाताला धरून मला समुद्रात नेलं. लाट मागं गेली आणि पायाखालची वाळूच निघाली. मी जो पळालो तो माडांपाशी थांबलो. सासुरवाडीची सगळी माणसं हसली. मालन हसली नाही. ती पाण्यात एकटीच उभी होती, माझ्याकडं तोंड करून.

ती इथं आली आणि गार पाण्याच्या देशात अडकली, असं मी धरून चाललो होतो. तिला उबदार समुद्र हवा, तो ग्रीसला आहे, पण बाईच्या नाकाखालून एक किनारा पास होईना. चोखंदळ बाई, दुसरं काय! ती गेल्यावरही मी हेच म्हणत होतो. टॅबलेट चार्ज करून ठेवायचो. संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचो. समोर कोण? च्यक करणारं कुणी नाही.

परवा बुधवारी कुंदा आली. ही नागपूरची, मालनबरोबर नोकरीला होती. डब्यात पाटवडीची भाजी आणि हातात एक कापडी पिशवी. पिशवी टेबलावर ठेवली आणि उगाच तिचे बंद सारखे करत बसली.

"भाऊजी, हे मालनचं. माझ्याकडे वाळत होतं. किती दिवस ठेवू?"

आत काळा पोहण्याचा पोशाख, टॉवेल, लोकरीची टोपी. टॉवेल हातात घेतला तर मिठानं कडक झालेला.

"हे कशाला लागायचं तिला?"

"पोहायला, दुसरं कशाला बाप्पा? इथंच, पोर्टोबेलोच्या समुद्रात. दर गुरुवारी. आमच्या म्हाताऱ्यांचा ग्रुप आहे."

गुरुवारी ती योगाला जायची. केस ओले करून यायची. म्हणायची, तिथला शॉवर चांगला आहे.

"ह्या पाण्यात?" मी म्हणालो. "बर्फात?"

"सगळ्यात आधी तीच आत. आम्ही काठावर अय्या-उय्या करत राहायचो, न ही पार तिकडे."

"मग ग्रीस कशाला हवं होतं? दगड नको, वारा नको, ऊन नको. एक म्हणून किनारा पटला नाही तिला."

कुंदा माझ्याकडं बघत राहिली. "भाऊजी, तुम्ही खरंच येडे आहात का? तिला कायचे दगड न् कायचं ऊन! लहानपणी खडकावरून उड्या मारायची ती. डायबेटिसनं पाय कोणाचे बधिर झालेत? गोटा लागला तर कळत नाही कोणाला? पायऱ्या चढताना गुडघा कोणाचा धरतो? कान कोणाचा दुखतो वाऱ्यानं?"

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"त्या खाणावळवाल्याला तिनं काय विचारलं माहीत आहे? म्हणे, पाण्यात किती लांबपर्यंत उभं राहता येतं? माझा नवरा उंच आहे पण भित्रा आहे. तो म्हणाला, घेऊन या, मी त्याचा दुसरा हात धरतो."

"मग मला सांगितलं का नाही? ह्या गुरुवारचं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता, न कोट घालून काठावर उभे राहिला असता, कुडकुडत. तिला काठावरचा नवरा नको होता. ती म्हणायची, गरम पाण्यात येतील ते. एकदा तरी येतील."

कुंदा गेली. भाजी तशीच राहिली. टॉवेल मी धुतला नाही. सारा जन्म दुसऱ्यांची कापडं धुतली, पण तो घडी करून उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं पोर्टोबेलोला गेलो. आभाळ करडं, पाणी त्याहून करडं. कुंदा होती, आणि लोकरीच्या टोप्या घातलेल्या पाचसहा गोऱ्या म्हाताऱ्या. एकीनं माझा हात हातात घेतला आणि मालनचं नाव घेतलं, तिच्या पद्धतीनं, लांबवून. पुढचं मला समजलं नाही, समजायची गरजही नव्हती. कोट काढला. बूट कुंदानं काढू दिले नाहीत. "दगड आहेत मधे," म्हणाली. पँट-शर्टावर तसाच निघालो. गुडघ्याला पाणी लागलं आणि तोंडातून अशी शिवी गेली की कुंदानं इकडंतिकडं बघितलं. बायका हसल्या. एका बाजूनं कुंदानं धरलं, दुसरा हात मी मोकळा ठेवला. मांड्या झाल्या, कंबर झाली, छातीपर्यंत गेलो. श्वास अडकला, मग सुटला.

त्या पोहून आल्या, बाहेर पडल्या, अंगं पुसून चहा ओतू लागल्या. कुंदाचे ओठ निळे पडले होते, तिला म्हटलं तू जा. ती काठावरून हाका मारायला लागली, "भाऊजी, बस झालं! या आता बाहेर!"

मी म्हटलं, "थांब जरा."