डॉक्टर केळुसकरांच्या तीन गिटारी

या, अशा जवळ सरकून बसा. आधी तो कोट काढा. अंगात कोट ठेवून बसलेल्या माणसाशी मला बोलता येत नाही. आणि एक सांगते, रागावू नका. तुम्ही येता वर्षातून एकदा, चहा अर्धा टाकता आणि निघता. असं करू नये. घरातल्या बाईला वाटतं, चहाच बिघडला.

आमच्या शेजारच्या डॉक्टर केळुसकरांकडे तुमचं कठीण झालं असतं. तिथे चहाच मिळायचा नाही, गाणं संपेपर्यंत.

केळुसकर म्हणजे हाडांचे डॉक्टर. मूळचे वेंगुर्ल्याचे, पण बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्यांनी सगळी हयात काढली. बेताची उंची, जाड चष्मा, अंगात बायकोने विणलेला पुलोव्हर आणि पायात अमेरिकन गुराखी घालतात तसले टोकदार, उंच टाचांचे बूट. वॉर्डात ते निघाले की घोडा आल्यासारखा आवाज यायचा. अमेरिकेला मात्र ते कधी गेले नव्हते.

त्यांचं वेड एकच. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे ते जुने रॉक बँड. लांब केसांची, दाढ्या वाढवलेली पोरं, कुठल्यातरी दलदलीच्या गावात पडवीत बसून फोटो काढलेला, तसल्यांच्या रेकॉर्डी. सुरुवातीला आमच्या दोन घरांमधल्या भिंतीतून ते ऐकू आलं तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं, "शेजारी कुणी पत्रा ओढतंय का?" मी सांगलीची, नाट्यसंगीतावर वाढलेली. माझा काय दोष?

मग एकदा नलूताईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, चहाला बोलावलं. गेले. डॉक्टरांनी रेकॉर्ड लावली आणि मला सोफ्याच्या मधोमध बसवलं. किटली उकळून थंड झाली.

"अहो, वहिनींना चहा देऊ द्या की," नलूताई मेथी निवडता निवडता म्हणाल्या.

"थांब. तिसरा यायचाय."

मला वाटलं, अजून कुणी पाहुणा यायचाय. दाराकडे बघत बसले. तर तिसरा म्हणजे तिसरा गिटारवाला. या बँडांत म्हणे एका गिटारीवर भागत नाही. पहिला आपलं म्हणणं मांडतो, दुसरा त्याला उत्तर देतो, दोघांचं रंगात आलं की तिसरा उठतो आणि मग तिघं मिळून जे काही करतात त्याला डॉक्टर "आरती" म्हणायचे. तिसरा आला. डॉक्टरांनी डोळे मिटले. नलूताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून हसल्या. मग चहा मिळाला.

हे वेड आलं कुठून, म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, "वहिनी, ती माणसं भात खातात, खेकडे खातात, घामाने निथळतात, भावाभावांत कोर्टात जातात आणि गाव सोडून आलेला प्रत्येक जण गावाची गाणी म्हणतो. हे कोकण नाही तर काय?"

काही रेकॉर्डींच्या कव्हरवर तिकडचा एक झेंडा असायचा, गुलाम ठेवणाऱ्यांच्या बाजूने लढलेल्यांचा. त्यावर डॉक्टर खाकी कागद चिकटवायचे, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसा, आणि वर पेनाने ॐ काढायचे. "गाणं घ्यायचं, झेंडा नाही घ्यायचा," म्हणायचे. रेकॉर्डच्या दुकानातल्या पोरीने एकदा सांगितलं, हे सगळं आता ओल्ड झालं, लोक सिंथेसायझर ऐकतात. डॉक्टर तिला म्हणाले, "ओल्ड कसं होईल? मी आज सकाळीच ऐकलं."

आपल्या मंडळाच्या गणपतीतही त्यांनी हट्टाने अर्धा तास मागून घेतला होता. शाळेचा भाड्याचा हॉल, समोर शालू नेसलेल्या बायका, मांडीवर प्रसादाच्या पुड्या. डॉक्टर स्टेजवर टेपरेकॉर्डर ठेवून बूट काढून उभे. "ही विलंबित समजा," "आता मींड ऐका, बोटात काचेची नळी घालून काढलीय," असं मधे मधे सांगत होते. संपल्यावर टाळ्या पडल्या, बऱ्याचशा सुटकेच्या. कुणाच्यातरी सासूबाई म्हणाल्या, "तबला बरा होता हो." डॉक्टर खूश. बूट घालताना मला म्हणाले, "बघितलंत? त्यांनी पूर्ण ऐकलं."

एकुलती एक मुलगी मीना तेव्हा शाळेत होती. बापाचे बूट दिसले की ती रस्ता ओलांडून पलीकडून चालायची.

नलूताई गेल्या त्या एकोणीसशे नव्वदच्या दशकात. साधं पोटाचं दुखणं म्हणून गेल्या हॉस्पिटलात, परत आल्या नाहीत. मला वाटलं, आता गाणी बंद होणार. बंद नाही झाली. पण भिंतीपलीकडून अर्धवट ऐकू यायला लागली. पहिला वाजवायचा, दुसरा उत्तर द्यायला लागायचा, आणि खट्, सुई उचललेली. मी इकडे पोळपाटापाशी लाटणं धरून उभी. इतक्या वर्षांनी मलाही तिसऱ्याची वाट बघायची सवय लागली होती ना.

मग मीनाने ठरवलं, बाबांनी लंडनला, पिनरमध्ये तिच्याकडे यायचं. घर विकलं गेलं. तिच्याकडे एक छोटी खोली, त्यात पलंग आणि बाबा एवढंच मावणार. रेकॉर्डींची खोकी जिन्यापर्यंत आलेली. ती तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली, "बाबा, माझा घर किती लहान आहे. ही सगळी बॉक्सेस कुठे ठेवू? आपण बूट सेलला नेऊ."

बूट सेल म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, रविवारी सकाळी शेतात गाड्या लावायच्या, डिकी उघडायची आणि घरातलं नको ते विकायचं. मी बटाटेवडे आणि फ्लास्क घेऊन सोबत गेले. डॉक्टर डिकीपुढे घडीच्या खुर्चीवर, गुराख्याचे बूट घालून, ओपीडीत बसल्यासारखे.

पहिलं एक तरुण जोडपं आलं. कव्हर छान आहे, फ्रेम करून भिंतीला लावू, म्हणाले. डॉक्टरांनी रेकॉर्ड त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. मग एक व्यापारी आला, सगळी खोकी एकदम घ्यायला तयार. डॉक्टरांनी विचारलं, "ऐकणार कधी?" तो म्हणाला, ऐकतो कशाला, विकतो. "मग राहू दे."

मीना रडकुंडीला आली. "बाबा, प्लीज. तो माणूस सगळं नेत होता."

मग आला एक दाढीवाला, टकला, हातभर गोंदलेला मोटरसायकलवाला. खोक्यात वाकला आणि एक रेकॉर्ड बाहेर काढून नुसताच बघत राहिला. डॉक्टरांनी विचारलं, ऐकलीय का? नाही, म्हणाला, भावाकडे होती, हात लावू द्यायचा नाही.

"घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "पैसे नकोत. लावशील तेव्हा मला फोन कर. मी येऊन शेजारी बसेन." आणि पिनरचा नंबर त्याच्या हातावर, गोंदण सोडून उरलेल्या जागेत, पेनाने लिहिला.

मीना बघतच राहिली. "बाबा, असं अनोळखी लोकांच्या घरी जाऊन बसणार तुम्ही?"

डॉक्टर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "अगं, मला पुढे काय येतं ते पाठ झालंय. एकटा ऐकतो तेव्हा त्यात काही राहत नाही, म्हणून बंद करतो. शेजारी कुणी न ऐकलेलं बसलं ना, की त्याच्या तोंडाकडे बघून मला पुन्हा पहिल्यांदा ऐकू येतं. तुझ्या आईला शेवटपर्यंत काही लक्षात राहायचं नाही. दर वेळी नव्याने दचकायची."

मीनाने बापाच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या मफलरचं टोक कोटात नीट खोचलं.

उरलेली खोकी आमच्याकडे आली, प्लेयरसकट. ती बघा, त्या कपाटाखाली. मोटरसायकलवाल्याने खरंच फोन केला. त्या दिवशी अशाच फुकट आणखी ज्यांना दिल्या, त्यांच्यातल्या कुणी केला नाही. डॉक्टर महिन्याकाठी एका शनिवारी ट्रेनने येतात. कधी मीना सोडायला येते आणि गाडी बंद करून आतही येते, पण तिच्या ते लहानपणापासून कानावर पडलेलं. आमचे हे दुसऱ्याच मिनिटाला घोरतात. राहिले मी. मी सोफ्याच्या मधोमध बसते, ते माझ्या तोंडाकडे बघतात, आणि तिसरा आला की मी दचकते.

पण खरं सांगू का, मला आता सगळं पाठ झालंय. दचकायचं ते आठवणीने दचकते, आणि मागच्या खेपेला जरा आधीच दचकले. डॉक्टरांनी गाणं संपायच्या आतच चहा मागितला.

तेव्हा तुम्ही या. याच शनिवारी या, जेवायलाच या, वांग्याचं भरीत करते. तुम्ही यातलं एकही ऐकलेलं नाहीये ना? बरं झालं. असेच या.