काळ्याची झोप

न्हावऱ्यात म्हस्कूआबांचा कुत्रा काळ्या दिवसभर ओसरीत झोपायचा आणि अंधार पडला की भुंकायला बसायचा. शेजारच्या सुभानची रांजणगावच्या एका कंपनीत पहिली पाळी होती. रोज झोप मोडून मोडून शेवटी तो मशीनवरच पेंगला. सुपरवायझरने बजावलं, "पुन्हा पेंगताना दिसलास, तर घरीच झोप."

सुभान आबांकडे आला. "आबा, काळ्याचं कायतरी करा. माझी नोकरी जाईल."

"मेंढरं राखलीत त्यानं. दिवसा झोपायचं, रातीला जागायचं, येवढंच शिकलाय," आबा म्हणाले.

गेल्या वर्षी आबांची बायको, अनसाबाई, वारल्या. एकट्याने होईना म्हणून आबांनी मेंढरं विकली. हे काळ्याला कोण समजावणार?

दिवसा जागा ठेवला तर रात्री झोपेल, असं दोघांनी ठरवलं. आबांनी भाकरीचा तुकडा दाखवत त्याला गावभर फिरवलं. संध्याकाळी आबांचे पाय सुजले आणि काळ्या ताजातवाना होऊन भुंकू लागला.

मग सुभानने त्याला दौंडला बहिणीकडे सोडलं. दोन दिवसांनी सुफियाचा फोन आला. "भाई, ह्यो आजारी हाय का? दिवसभर पोरांमागं पळतो आन् अंधार पडला की मेल्यागत झोपतो."

सुभान चक्रावला. इकडे कुत्रा नसूनही त्याची झोप मोडतच होती. रात्रभर आबांच्या अंगणातून काठीची ठकठक आणि मधूनच मेंढरं हाकल्यागत "हुर्र, हुर्र."

सकाळी त्याने आबांना विचारलंच. आबा खाली बघत म्हणाले, "मेंढरं न्हाईत, ठावं हाय मला. पर पहिली राखण तिची असायची, दुसरी माझी. आता दोन्ही माझ्याकडंच आल्या. डोळाच लागत न्हाई." मग हळूच म्हणाले, "काळ्या बिचारा माझ्यासंगट जागायचा. त्याला उगा बोल लागला."

सुभान दौंडला जाऊन काळ्याला परत घेऊन आला. त्या संध्याकाळी त्याने आबांच्या अंगणात बाज टाकली. "पहिली राखण माझी. दुसरीला उठवतो तुम्हाला."

आबा पडल्या पडल्या घोरू लागले. त्यांच्या पायाशी काळ्याही झोपला. दुसऱ्या राखणीला उठवायला सुभान गेला खरा, पण त्याच्या जिवावर आलं. तो तसाच बसून राहिला आणि पहाटे बसल्या जागी पेंगला.

आबांना जाग आली ती कंपनीची बस हॉर्न वाजवून निघून गेली तेव्हा.

"मला का उठवलं न्हाईस रं?"

"गाढ झोपला व्हता तुम्ही," सुभान डोळे चोळत म्हणाला.

आबा बराच वेळ घोंगडीची घडी घालत राहिले.

"ती बी हेच म्हणायची," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.