मफलरप्रकरणी तीव्र निषेध

शेजारी देशाशी संबंध तुटलेले असले, तरी ते तुटलेले आहेत हे वेळोवेळी कळवण्यापुरते संबंध ठेवावेच लागतात. या थोर तत्त्वावर आमचा निषेध विभाग उभा आहे. (तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडे. लिफ्ट दुरुस्तीचा प्रस्ताव विचाराधीन.) मी इथला मुख्य लेखनिक. गेली बावीस वर्षं मी शेजारी देशाचा निषेध करतो आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांनी माझं काहीच वाकडं केलेलं नाही.

निषेधाच्या पायऱ्या चार: नोंद, गंभीर नोंद, निषेध आणि तीव्र निषेध. पाचवी पायरी सेनापतींच्या खात्यात मोडते. दोन्ही देशांची भाषा एकच असल्यामुळे गैरसमज व्हायला दुभाष्याची वाट पाहावी लागत नाही. दूतावास बंद, टपाल बंद, फोन बंद. चालू काय, तर सीमेवरच्या पुलावर आमचा शिपाई आणि त्यांचा शिपाई रोज एकमेकांकडे न बघता लिफाफे बदलतात. (न बघता लिफाफा देण्याचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण असतं.)

वर्षाला सरासरी अकरा निषेध निघत. मग पुलाच्या कठड्याला कोणता रंग द्यायचा, यावर दोन्ही राष्ट्राध्यक्षांची पुलावरच शिखर परिषद भरली. आमचे अध्यक्ष विधुर, वय अठ्ठावन्न. त्यांच्या अध्यक्षा अविवाहित, वय गोपनीय. सव्वा तास चर्चा झाली, रंग काही ठरला नाही, आणि पुढच्या चार महिन्यांत दोन्हीकडून मिळून दोनशे चौदा निषेध झाले.

त्यांचा पहिला खलिता मला पाठ आहे. «परिषदेस आपण मफलरविना आलात व त्यानंतर आपणास खोकला झाला, असे आमच्या हेरांकडून समजते. सदर बाब अत्यंत चिंताजनक असून तिची गंभीर नोंद घेण्यात आली आहे.» सुरक्षा समिती यावर तीन दिवस बसली. मफलर हे नव्या क्षेपणास्त्राचं सांकेतिक नाव असावं आणि खोकला ही त्याची चाचणी असावी, असं एकमतानं ठरलं. (एका सदस्याचं मत वेगळं होतं, पण त्याला खरोखरच खोकला झाल्यानं तो गैरहजर होता.)

उत्तराचा मसुदा वास्तविक माझं काम. पण तो अध्यक्षसाहेबांनी स्वतः लिहिला. मी फक्त जावक क्रमांक घातला. «आमच्या गळ्याच्या अंतर्गत बाबींत होणारी ढवळाढवळ खपवून घेतली जाणार नाही. तरी मफलर कोणत्या रंगाचा असावा, हे उलट टपाली कळवावे.» मी लिफाफा डिंकानं नीट चिकटवला. बावीस वर्षांच्या नोकरीत माणूस एवढं तरी शिकतोच.

खलित्यातला मजकूर गोपनीय असतो. वर्तमानपत्रांना आम्ही फक्त आकडा देतो. ‘आज तीन तीव्र निषेध’ असं छापून आलं की जनतेच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लोक संध्याकाळी गच्चीवर जमून ‘धडा शिकवा!’ म्हणून ओरडायचे. पलीकडच्या गच्च्यांवरूनही तेच ऐकू यायचं, त्यामुळे घोषणा कोणाची, यावरून आम्ही एक स्वतंत्र निषेध पाठवला. साहेबांची लोकप्रियता एक्क्याण्णव टक्क्यांवर गेली.

फाइल घरी नेण्यास सक्त मनाई आहे, म्हणून मी ती डब्याच्या पिशवीतून नेतो. एकदा डबा काढताना ती बायकोच्या हाती लागली. तिनं उभ्याउभ्या चार खलिते वाचले आणि हसायलाच लागली.

“अहो, हे कसले निषेध? हे दोघं एकमेकांच्या प्रेमात बुडालेत की!”

“तुला परराष्ट्र धोरणातलं काय कळतं?”

“मफलरमधलं कळतं,” ती म्हणाली, आणि डबा घासायला गेली.

त्याच शुक्रवारी तो खलिता आला. «असे किती दिवस चालायचे? आता आपण एका छताखाली यावे. मंगळवारपर्यंत उत्तर न आल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.»

सेनापतींनी टेबलावर मूठ आपटली. “आपण म्हणजे आपला देश! एका छताखाली म्हणजे त्यांच्या! गिळायला निघालेत आपल्याला!” तासाभरात रणगाडे पुलाकडे निघाले.

साहेबांनी मला आत बोलावलं. गळ्यात निळा मफलर, चेहरा पांढराफटक. “लेखनिक, खरं सांगितलं तर लोक मला फाडून खातील. नाही सांगितलं तर मंगळवारी युद्ध. आणि ती पुलाजवळच राहते हो!” मग खाली मान घालून म्हणाले, “माझं प्रेम आहे तिच्यावर. या वयात! हसू नका.”

मी हसलो नाही. मला भरून आलं होतं, आणि तसंही कार्यालयीन वेळेत हसता येत नाही. मी घरी जाऊन बायकोपुढे खलिता ठेवला. तिनं दोन ठिकाणी बोट ठेवलं. “हा पहिला ‘आपण’ म्हणजे आपण दोघं. हा दुसरा ‘आपण’ म्हणजे अहो. एवढंही कळत नाही तुमच्या समितीला? सगळे लग्न झालेले ना?”

पुढचा मार्ग मला तिथंच, डबा पुसता पुसता सुचला. साहेबांनी ‘होकार’ एवढा एकच शब्द कळवला. (वर्गवारी: तीव्र निषेध.) सोबत मी दोन निवेदनं जोडली, त्यांचं एक आणि आमचं एक. मंगळवारी ती दोन्हीकडे एकाच वेळी निघाली. आमचं असं: ‘शेजारी देशाच्या अध्यक्षा आपल्या ताब्यात. सुटका अशक्य.’ त्यांचं असं: ‘शेजारी देशाचे अध्यक्ष आपल्या कैदेत. शिक्षा जन्मठेप.’ (विवाहित मनुष्य या नात्यानं शपथेवर सांगतो, दोन्हींत एकही शब्द खोटा नाही.)

दोन्हीकडे विजयाच्या मिरवणुका निघाल्या. एकही गोळी न झाडता शत्रूचा प्रमुख पकडल्याबद्दल दोन्ही सेनापतींना पदकं मिळाली. कैद्यांसाठी पुलाच्या बरोबर मध्यावर घर बांधलं. स्वयंपाकघर त्यांच्या हद्दीत, झोपायची खोली आमच्या. कठडा अजून बिनरंगाचाच आहे.

आमचा विभाग बंद पडेल, अशी मला धास्ती होती. तसं काही झालं नाही. उलट संसार सुरू झाल्यापासून खलिते महिन्याला तीनशेवर गेले आहेत, आणि आता त्यांत खरोखरच निषेध असतो. वर्तमानपत्रांत मात्र पूर्वीसारखे फक्त आकडेच छापून येतात.

काय भोळी माणसं असतात एकेका देशात, असं म्हणून तुम्ही आता हसत असाल. हसा. पण काल संध्याकाळचा गच्चीवरचा फोटो आमच्या फाइलीत आहे. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथे तुम्हीच. मूठ वळलेली, मानेच्या शिरा ताठ, ‘आता युद्धच हवं!’ म्हणून ओरडताय. ज्या तीव्र निषेधावरून तुम्ही ओरडत होतात, त्याचा जावक क्रमांक मीच घातला होता. विषय: पलंगावर टाकलेला ओला टॉवेल.