दादा टेबलावरून का उठतात?

“निरीक्षण हा ज्याचा श्वास, तर्क हा ज्याचा आहार आणि विनय हा ज्याचा एकमेव दोष, असा शोधक शतकातून एकदाच जन्माला येतो. या शतकाची पाळी आली तेव्हा मी आलो.”

हे वाक्य माझं नाही. माझ्या थोरल्या साडूंनी ते सोफ्यावर आडवं पडून सांगितलं आणि मी खुर्चीत ताठ बसून लिहून घेतलं. आमच्या कामाची वाटणी अशीच आहे. ते स्वतःला ‘शोधमहर्षी’ म्हणवतात आणि मला ‘सहायक’. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या आम्हां दोघांसाठी मिळून एकच शब्द वापरतात, तो इथे लिहीत नाही.

शोधमहर्षी होण्याआधी साडू पस्तीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचायचे. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना एक टॉर्च दिला. घरी जाताना जिन्यात पडू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. साडूंनी मात्र त्याचा अर्थ असा लावला, की समाज आपल्या हाती मशाल सोपवतो आहे. तेव्हापासून त्यांनी दोन प्रकरणं निकालात काढली. पहिल्यात शेजारणीची हरवलेली मांजर शोधून दिली. मांजर दुसऱ्याच कोणाची तरी निघाली. दुसऱ्यात ती परत करायला गेले. दोन्ही घरं आता आमच्याशी बोलत नाहीत.

तिसरं प्रकरण रविवारी सकाळी आपल्या पायांनी चालत आलं. दादा आले. दादा म्हणजे आमच्या बायकांचे थोरले भाऊ, वय एकसष्ट. कॉफीच्या एका व्यापारी कंपनीत ते कॉफी चाखायची नोकरी करतात. ऐकणाऱ्याला ही चैन वाटते. प्रत्यक्षात टेबलावर वाडग्यांची रांग लागते, दादा चमचाभर कॉफी सुर्रकन ओढतात, तोंडात घोळवतात आणि थुंकदाणीत थुंकतात. मग पुढचा वाडगा. गिळायचं काहीच नाही. गेली तीस वर्षं ते दिवसभर कॉफी थुंकतात आणि घरी येऊन दूध पितात.

“भावोजी, माझी खुर्ची जाणार आहे,” दादा म्हणाले आणि लगेच उठून बाथरूमला गेले.

परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी त्यांची प्रोस्टेट वाढल्याचं निघालं. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली, वेळ लागेल म्हणाले. लागला. पण चार महिन्यांनी छान आराम पडला. आणि आता तीन आठवडे झाले, सगळं पुन्हा मूळपदावर. किंबहुना मूळपदापेक्षाही वाईट. तीस वाडग्यांच्या एका बैठकीत ते पाच वेळा उठतात.

“उठलात तर बिघडतं कुठं?” मी विचारलं.

“कॉफी निवते ना! गरम असताना एक चव, कोमट झाली की दुसरी. सगळे वाडगे एका दमात चाखले तरच तुलना. मी परत येईपर्यंत टेबलावर तीस थंड वाडगे. मागच्या आठवड्यात मी चांगल्या मालाला ‘ओली गोणी’ असा शेरा मारला. मालकीणबाईंनी काल स्पष्ट सांगितलं, शुक्रवारी मोठा ग्राहक येतोय, त्याच्यासमोर मधेच उठलात तर सोमवारपासून तुम्ही गोदामात. चाखायला दुसरा माणूस बसेल.”

“डॉक्टर?”

“उद्याची नाही, पुढच्या सोमवारची वेळ मिळाली आहे. शुक्रवार आधी येतो.”

हे ऐकून साडूंचे डोळे चमकले. जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे आपण पोचतो, अशी त्यांची समजूत आहे.

“कॉफी आणि ही गोळी यांचं जमत नाही म्हणे,” दादा हळूच म्हणाले. “तसं असेल तर माझा धंदाच माझ्या गोळीवर उठलाय. पण मी माझ्या बाजूनं सगळी काळजी घेतोय हो.”

काळजी म्हणजे नक्की काय, असं विचारायला मी तोंड उघडलं. साडूंनी तळहात उंचावला.

“सहायक, साक्षीदाराला बोलू द्या,” ते म्हणाले आणि पुढची वीस मिनिटं स्वतः बोलले. तेवढ्यात साक्षीदार दोनदा जाऊन आला.

सोमवारी आम्ही औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार बाई गोळीचं पाकीट पाहून म्हणाल्या, “प्रोस्टेटची आहे. हेच औषध कमी ताकदीत केस गळू नयेत म्हणूनही देतात.”

साडूंनी माझा दंड इतका घट्ट धरला, की अजून दुखतो. बाहेर आल्यावर ते पुटपुटले, “दादांच्या टाळूवर अलीकडे लव आलीय. पाहिलीत?”

“पाहिली.”

“आणि त्यांच्या कचेरीत टक्कल कोणाला आहे?”

टक्कल होतं गोदामप्रमुखाला. त्याला सगळे जुल्फी म्हणत. अशी नावं लोक किती प्रेमानं ठेवतात ते सर्वांना माहीतच आहे. तो खरोखरच केसांसाठी तीच गोळी घेत होता. साडूंचा सिद्धान्त पाच मिनिटांत उभा राहिला. जुल्फीनं दादांच्या जोरदार गोळ्या पळवल्या आणि त्या जागी आपल्या हलक्या ठेवल्या. हेतू, केस. संधी, जेवणाची सुट्टी. पुरावा, लवकरच.

मंगळवारी आम्ही कंपनीत. साडूंनी जुल्फीला खुर्चीत बसवून त्याच्या डोक्यावर टॉर्च मारला. खोलीतला उजेड दुप्पट झाला.

“तुमची गोळी दाखवा.”

“ही घ्या,” जुल्फी म्हणाला. ती तांबूस आणि गोल होती. दादांची निळी आणि लांबट. दादांच्या डबीत सगळ्या निळ्याच निघाल्या.

“रंग दिलेला असू शकतो,” साडू म्हणाले आणि एक तांबूस गोळी नखानं खरवडली. आतून पांढरी निघाली. निळी खरवडली, तीही आतून पांढरी. “पाहा! आतून दोन्ही सारख्याच!”

“साहेब, आतून आपणही सगळे सारखेच असतो,” जुल्फी म्हणाला. “गोळी मात्र माझी होती. उद्या एक कमी पडणार.”

सिद्धान्त पहिला असा मेला. बुधवारी दुसरा जन्मला. चाखायच्या खोलीत कोपऱ्यात एक नळ आहे, तो टपटपतो. साडू म्हणाले, “पाण्याचा आवाज! मेंदूला सूचना मिळते, मेंदू खाली कळवतो. पस्तीस वर्षं मी पाण्याशी बोललोय, मला त्याची भाषा कळते.” त्यांनी नळाला फडकं बांधलं आणि परिणाम मोजायला म्हणून स्टुलावर बसले. तासाभरात दादा तीन वेळा उठले. साडू चार वेळा. हा आकडा मी नोंदवहीत लिहिला, तो त्यांनी खोडायला लावला.

गुरुवारी सकाळी त्यांनी तिसरा आणि अंतिम सिद्धान्त जाहीर केला. गुन्हेगार कॉफीच.

“पण दादा ती गिळतच नाहीत,” मी म्हणालो.

“जीभ गिळते, सहायक! जीभ हे शरीराचं चोरदार आहे. कॉफी तिथून आत शिरते, गोळीला गाठते आणि ठार करते.”

“मग तीस वर्षं कॉफी चाखतायत आणि मधले तीन महिने गोळी व्यवस्थित जिवंत होती, त्याचं काय?”

“ते तीन महिने ती दबा धरून होती.”

“कोण, गोळी?”

“कॉफी.” शतकातला एकमेव माणूस माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाला. “दादांनी उद्या आजारी पडावं, हा एकच मार्ग आहे.”

 दादांनी आपला चमचा पुसला, खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. तीस वर्षांत त्या चमच्याची कड एका बाजूनं झिजली होती. गोदामात चमचा लागत नाही. मला पहिल्यांदाच हसू आलं नाही.

साडू मात्र ‘जिभेचे नमुने’ शोधायला टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले होते. तेवढ्यात वाडगे धुणाऱ्या मावशी पाण्याचा जग घेऊन आल्या.

“साहेब, पाय आवरा.”

“मावशी, इथे विचार चाललाय.”

“चालू द्या की. पाय तेवढे आवरा. पाचवा जग आहे, जड लागतो.”

“पाचवा म्हणजे?” मी विचारलं.

“आजचा पाचवा. आधी दोन पुरायचे. चूळ भरायला किती लागतं माणसाला? तीन आठवडे झाले, माझा खांदा गेलाय नुसता. बरं, थुंकदाणी भरते पहिल्याएवढीच. तेवढं एक बरं आहे, ती तरी उचलायला जड झाली नाही.”

“बाष्पीभवन!” टेबलाखालून आवाज आला.

“कसलं काय,” मावशी म्हणाल्या. “दादाच पितात. पूर्वी नुसती चूळ भरून थुंकायचे. आता चूळ थुंकली की वर अर्धा पेला पाणी घटाघटा. तीस वाडगे म्हणजे मोजा. एवढं पाणी पोटात गेल्यावर माणूस उठणार नाही तर काय नाचणार?”

 फडक्यातून नळ ठिबकत होता. साडूंनी उठायचा प्रयत्न केला, तो टेबलाच्या खालच्या बाजूला आपटून संपला. पस्तीस वर्षं या माणसानं घरोघरी एकच हिशेब केला होता, पाणी आत किती गेलं. आणि इथे तीन दिवस त्याच्या नाकासमोर जगच्या जग आत जात होते.

“दादा,” मी विचारलं, “तुम्ही पाणी गिळता?”

“अहो, गिळणारच! तीच तर काळजी घेतोय म्हटलं ना,” दादा म्हणाले. “कॉफीचा अंश तोंडात राहिला तर गोळी बाद होते. नुसती चूळ भरून भागत नाही, आतपर्यंत धुवावं लागतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.”

“हे कोणी सांगितलं?”

दादांनी दाराकडे पाहिलं. दारात जुल्फी उभा होता.

“मी भल्यासाठीच सांगितलं,” जुल्फी म्हणाला. “मीही तसंच करतो. केसांच्या औषधावर एक व्हिडिओ आहे, त्यात सांगितलंय.”

“सांगणाऱ्याला केस होते का?”

जुल्फीनं जरा विचार केला. “टोपी होती.”

मी दुकानदार बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, की कॉफीचं या गोळीशी काही भांडण नाही. कपावर कप कॉफी प्यायली तर माणसाला सारखं जावं लागतं, पण तो कॉफीचा गुण, गोळीचा दोष नाही. आणि दादा तर थुंकतात. तेव्हा चूळ भरा, थुंका, तहान लागेल तेवढंच पाणी प्या आणि सोमवारी डॉक्टरांना सगळं सांगा.

“पण मला कसं कळलं नाही?” दादा मटकन खुर्चीत बसले. “मला वाडग्यातल्या कॉफीत एक कुजका दाणा असला तरी कळतो!”

खरं तर कोडं काहीच नव्हतं. पाण्याला चव नसते. आणि ज्याला चव नाही त्याची दादांच्या लेखी नोंदच होत नाही.

“मी काय म्हणत होतो?” साडू कपाळ चोळत म्हणाले. “पाणी! बुधवारीच म्हणालो होतो. नळ!”

मावशींनी रिकामा जग उचलला आणि जाता जाता त्या फडकं सोडून घेऊन गेल्या. ते त्यांचं होतं.

शुक्रवारी चाखायच्या खोलीत आम्हांला प्रवेश नव्हता, म्हणून आम्ही काचेबाहेर उभे होतो. आत टेबलावर तीस-तीस वाडग्यांच्या दोन रांगा, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मोठा ग्राहक. दोघांच्या मधे घड्याळाकडे पाहत मालकीणबाई. ग्राहक अगदी सभ्य गृहस्थ होता. चारचौघांत थुंकणं त्याला बरं दिसेना, म्हणून तो प्रत्येक चमचा गिळत होता. शिवाय मालकीणबाईंनी त्याच्यासाठी मोठा मग भरून वेगळी कॉफी ठेवली होती, तीही तो आदरानं संपवत होता.

दहाव्या वाडग्याला दादांनी चूळ भरली आणि थुंकले. पंधराव्याला साडूंनी माझा दंड धरला, पुन्हा तोच. अठराव्याला दादा खुर्चीत जरा हलले. मालकीणबाईंची मान वळली. दादांनी फक्त खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली आणि चमचा एकोणिसाव्यात बुडवला. सुर्र. घोळवणं. थू. काचेबाहेर मावशींनी सुस्कारा सोडला आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं काच पुसायला लागल्या.

बाविसाव्या वाडग्याला एक खुर्ची जोरात मागे सरकली.

ग्राहक उठला होता. चेहरा लाल, पावलं भराभर. दार उघडून आमच्यासमोरूनच बाथरूम शोधत गेला. साडूंनी लगबगीनं खिशातून आपलं ‘शोधमहर्षी’चं कार्ड काढलं. मी ते काढून घेऊन माझ्या खिशात घातलं.

आत दादा चाखतच राहिले. तेवीस, चोवीस, एका दमात थेट तिसाव्यापर्यंत. शेवटी त्यांनी चमचा पुसला, कागदावर शेरे पुरे केले आणि हाताची घडी घालून बसून राहिले. ग्राहक परतला तेव्हा त्याच्या बाजूचे आठ वाडगे गार पडले होते. त्यानं एक चमचा ओढून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मग मालकीणबाईंची नजर चुकवत तो दादांकडे झुकला. “बाविसाव्यानंतरचं... तुमच्याकडे असेल ना?”

मालकीणबाईंनी दादांकडे पाहिलं. गोदामाचा विषय त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसेना.

“आहे की सगळं,” दादा म्हणाले. “सांगतो. तुम्ही आधी बसा.”