खालच्या आळीची हवा

शेलूदच्या ग्रामसभेत जो ठराव होई, तोच ‘लोहग्रह’ मालिकेतल्या ग्रहावर कायदा म्हणून लागू व्हायचा. म्हणून सभा चालू असताना पंचायतीतला टीव्ही बंद करायला मनाई होती.

त्या दिवशी विषय खालच्या आळीच्या पाण्याचा होता. आळीनं निवडणुकीत तात्या डोईफोड्यांच्या पॅनेलला मतं दिली नव्हती. तेव्हापासून ठराव करून तिचा व्हॉल्व बंद ठेवला होता. लोहग्रहावरही त्याच कायद्यानं ग्रहपालानं विरोधातल्या खाणवस्तीची हवा तोडली होती आणि वस्तीतला साठा आता संपत आला होता. पडद्यावर वस्तीची पुढारी इल्का भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ निळे पडले होते.

सरपंच निर्मलाताई तात्यांच्याच पॅनेलच्या, वर त्यांच्या पुतण्याची बायको. पडद्याकडे बघताना त्यांचा जीव वरखाली होत होता.

“टीव्हीतल्या बाईची दया येते,” खालच्या आळीच्या हौसाबाई म्हणाल्या, “आमच्या रिकाम्या हंड्याची येत नाही व्हय?”

निर्मलाताईंच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी पाणी सोडण्याचा ठराव मतास टाकला.

तात्या उठले. “सूनबाई, संध्याकाळी घरीच यायचंय ना?” एवढंच बोलून ते आपली माणसं घेऊन चालते झाले. गणपूर्ती मोडली. सभा मोडली की विषय मेला, हे तात्यांचं जुनं गणित.

“आमचे हात मोजा,” इल्का पडद्यातून सभेकडं बघत, धापा टाकत म्हणाली. तिच्या मागं साऱ्या वस्तीनं हात वर केले.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. “मतदारयादीत नाव नाही, बाई.”

“मग सभा तहकूब,” निर्मलाताई म्हणाल्या. “अर्ध्या तासानं इथंच. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.” मग त्या पडद्याजवळ गेल्या. “इल्काताई, निघेल का अर्धा तास? नाहीतर मी आत्ताच जाऊन व्हॉल्व उघडते. मग माझं काय व्हायचं ते होवो.”

इल्कानं मान हलवली. “तुम्ही एकटीनं उघडलात, तर उद्या इथं ग्रहपाल एकटाच बंद करील. नियमानंच करा. आम्ही दम धरतो.”

तो सारा अर्धा तास हौसाबाईंनी पडद्यापुढं बसून पदरानं वारा घातला. तो पलीकडे जात नव्हता, तरी हात थांबला नाही.

वेळ भरली. हात वर झाले. ठराव मंजूर झाला. कर्मचाऱ्यानं व्हॉल्व फिरवला आणि नळ आधी फुसफुसला, मग वाहू लागला. पडद्यावर माणसं एकेक करून खोल श्वास घेऊ लागली.

निर्मलाताईंनी डोळे टिपले. घरी दार उघडेल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“माझ्याकडं खोली आहे,” हौसाबाई हळूच म्हणाल्या. “आता पाणीही आहे.”

भाऊसाहेब खाकरले. “पुढचा विषय. स्मशानभूमीवर पत्रे टाकणे.”

“घ्या,” इल्का म्हणाली. “आता आम्हाला तशी घाई नाही.”