बारा पदव्या, अकरा सह्या

मुलीला कॉलेजात घातल्यावर आपल्याला बासष्ट हजारांचा नफा होणार, असं फ्रेमवाल्याच्या हिशेबात आलं होतं. हिशेब त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर केला होता, आणि आकड्यांपुरतं बोलायचं तर त्यात चूक नव्हती. वर्षाची फी साठ हजार. समोरच्या बाजूला: गुणवत्ता शिष्यवृत्ती वीस हजार, कमी उत्पन्नासाठी निम्म्या फीची सवलत म्हणजे तीस हजार, ज्या घरात आजवर कुणी पदवी घेतलेली नाही अशा घरातल्या मुलांना पूर्ण फीचं अनुदान साठ हजार, पुस्तकांसाठी चार, आणि ‘कमवा आणि शिका’मध्ये ग्रंथालयात बसायचे आठ. बेरीज एक लाख बावीस हजार. वजा फी.

“बेबी, दोन-तीन कॉलेजांत एकदम नाव घातलं तर?” त्याने विचारलं.

“बाबा, ती मदत आहे. धंदा नाही.”

“मदतच म्हणतोय मी. इतक्या जातींची मदत असते हे मला कुणी आधी सांगितलं नाही, एवढंच.”

त्याला खरोखरच नवल वाटत होतं. तीस वर्षं त्याने लोकांच्या फोटोंना, चित्रांना, मानपत्रांना पट्ट्या ठोकल्या. पण माणूस शिकतो ते नेमकं कुणाच्या पैशावर, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. आता पडला आणि सुटेना. कॉलेजच्या मदत कक्षाच्या खिडकीशी तो रोज जाऊन उभा राही. शिष्यवृत्ती परत करायची नसते, कर्ज परत करायचं असतं, सवलत हातात येतच नाही, नुसती फीतून वजा होते. हे सगळं त्याने कारकुनाकडून तीन-तीनदा समजून घेतलं. चौथ्या दिवशी कारकुनाने पेन खाली ठेवलं.

“फ्रेमवाले, तुम्ही हे सगळं बेरजेत धरताय का?”

“मग कशात धरू?”

“शिष्यवृत्ती, सवलत, अनुदान, या तिघांतलं एकच मिळतं. कुठलं ते निवडा. आणि पुढच्या शनिवारी फीची मुदत संपते. तोवर काही मंजूर झालं नाही, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल.”

बासष्ट हजारांचा नफा खिडकीतच बुडाला. पण फ्रेमवाला तोट्यातही चांगला तुकडा निवडणारा माणूस. त्याने साठ हजारांच्या अनुदानावर बोट ठेवलं. अट एकच: अर्जदाराबरोबर एका छपराखाली राहणाऱ्यांपैकी कुणीही पदवीधर नसावं. आईबापांच्या सह्या, मग घरभेट.

घरी बायकोने अर्ज वाचला आणि न सही करता परत दिला.

“सवलतीचा भरा ना. तीस हजार काही थोडे नाहीत.”

“साठ सोडून तीस? अगं, आपल्या घरात पदवी कुणाकडे आहे? आपल्याला मिळायलाच हवं ते.”

“मी नाही सही करत.”

“का?”

“वाचून सही करायची माझी सवय आहे.”

हे काही उत्तर नव्हे, असं फ्रेमवाल्याला वाटलं. पण बेबीने कॉलेजात विचारलं तेव्हा एका पालकाची सहीही चालते असं कळलं, म्हणून त्याने वाद घातला नाही. खाली एक रकाना होता: ‘हा अर्ज नामंजूर झाल्यास दुसरा पर्याय.’ तो त्याने मुद्दाम कोरा ठेवला. आपल्यालाच शंका आहे असं कागदावर कशाला दाखवायचं? मग अर्ज पाकिटात घालायला बायकोकडे देऊन तो दुकानात गेला.

सोमवारी कॉलेजच्या तपासनीस बाई घरी आल्या. बारीक चष्मा, काखेत फाईल. चहा नको म्हणाल्या. पंखा जुना आहे, खुर्च्या दोनच आहेत, हे त्यांनी समाधानाने लिहून घेतलं.

“घरात पदवीधर कुणी नाही?”

“कुणीही नाही, मॅडम.”

बाईंनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर बारा फ्रेमा होत्या. बाराही पदवी प्रमाणपत्रांच्या.

फ्रेमवाल्याला त्या दिसतच नसत, इतक्या त्या सवयीच्या झाल्या होत्या. दुकान अरुंद. सहा महिने कुणी सोडवून नेली नाही, की ती फ्रेम घरी येई. एकावर एक ठेवली तर काच तडकते, म्हणून भिंतीवर. पदवी मिळवायला माणसं चार-चार वर्षं घालवतात, आगाऊ रक्कम देऊन ती उत्साहाने फ्रेमला टाकतात, आणि मग उरलेले सहाशे देऊन घरी न्यायला त्यांना एक संध्याकाळ सापडत नाही.

“हे दंतवैद्य कोण?” बाईंनी विचारलं.

“ते अकरा बाय चौदा. काळी पट्टी.”

“नाव विचारतेय मी.”

“नाव मला कसं ठाऊक असणार, मॅडम? मी माप वाचतो. मजकूर वाचत बसलो तर दिवसाला दोन फ्रेमा होतील.”

“आणि हे पशुवैद्य? हे वकील? हे दोन अभियंते?”

“गिऱ्हाइकं आहेत.”

“गिऱ्हाइकांच्या पदव्या तुम्ही बैठकीच्या खोलीत लावता?”

“आतल्या खोलीत ओल आहे,” फ्रेमवाला म्हणाला.

बाईंनी पेनाला टोपण घातलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी लपवलेली मोटार पाहिली होती, शेजाऱ्याकडे ठेवलेला टीव्ही पाहिला होता. पण बारा पदव्या राजरोस टांगून ‘आम्ही शिकलेले नाही’ म्हणणारं घर पहिलंच. शेवटी त्या म्हणाल्या, “शुक्रवारी परत येते. तोवर या प्रत्येकाकडून लिहून आणा, की तुमचं आणि त्यांचं काही नातं नाही. सहीसकट. त्याशिवाय मी पुढे पाठवणार नाही.”

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून फ्रेमवाला काखेत फ्रेमा घेऊन निघाला. बेबीने खुर्चीवर चढून फ्रेमांवरची नावं आणि दुकानाच्या वहीतले पत्ते उतरवून द्यायला सुरुवात केली होती, तेवढ्यात आई म्हणाली, “अकराच उतरव. बाराव्याचा पत्ता माझ्याकडे आहे, त्याचं मी बघते.” बेबीला कॉलेजात कागद द्यायला जायचं होतं. तिने अकरा लिहिले.

पहिला दंतवैद्य. त्याने नाव-सहीचा कागद दोनदा वाचला.

“नातं नाही असं लिहून देऊ?”

“हो, डॉक्टर. आणि जमलं तर मागचे सहाशे...”

“हे बघा, नातं असतं तर लाजेकाजेस्तव दिलेही असते. आता नाहीच म्हणताय.”

सही हवी तर पैसे सोडायचे, हे फ्रेमवाल्याला पहिल्याच दारात कळलं. त्याने फ्रेम दिली, सही घेतली. पण निघताना त्याच्या मनातला प्रश्न बाहेर आलाच. “डॉक्टर, एक विचारू? तुमची फी कोणी भरली होती?”

“बँकेने. अजून दोन वर्षांचे हप्ते आहेत. लोकांचा दात काढताना मला तेच आठवतं.”

पहिल्या अभियंत्याला गुणवत्ता शिष्यवृत्ती होती. दुसऱ्या वर्षी एका विषयात आपटला आणि ती गेली, मग वडिलांनी स्कूटर विकली. सही त्याने दिली, पण काळ्याऐवजी सोनेरी पट्टी बसवून घेतली, फुकटात. पशुवैद्याला एका संस्थेने सगळी फी दिली होती, पाच वर्षं सांगू त्या गावी काम करायच्या अटीवर. पाच संपली, तरी तो तिथेच राहिला, कारण तिथल्या गुरांना त्याची सवय झाली होती. वकिलाने तर ‘नातं नाही’ या दोन ओळींचा मसुदा करायचेच सातशे सांगितले. त्यातून सहाशे वजा करून वरचे शंभर मागितले.

“तुमची फी कोणी भरली, वकीलसाहेब?” शंभर मोजता मोजता फ्रेमवाल्याने विचारलं.

“मामाने.” वकील पहिल्यांदाच हळू बोलला. “सगळ्यात महाग पडतं ते. व्याज नाही, मुदत नाही, पण चार माणसं जमली की मामा पहिल्यापासून सांगायला लागतो. कर्ज काढा, पण मामा नको.”

ग्रंथपाल बाईंनी ‘कमवा आणि शिका’ केलं होतं. ज्या कपाटावरची धूळ पुसली, तिथेच पुढे नोकरी लागली. त्यांनी मात्र सहीला खळखळ केली. “नातं नाही असं कसं लिहू? तुमची बेबी मला ताई म्हणते.” त्यांना समजवायला एक तास गेला.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत अकरा सह्या झाल्या. सहा हजार सहाशेची येणी बुडाली, वरून वकिलाचे शंभर आणि सोनेरी पट्टी. पण फ्रेमवाला खुशीत होता. साठ हजारांपुढे हे काय. शिवाय आता पदवीधर माणूस दिसला की तो कुणाच्या पैशावर उभा आहे, याचा त्याला अंदाज येऊ लागला होता.

शुक्रवारी बाई आल्या. भिंतीवर अकरा फिकट चौकोन आणि एक फ्रेम. त्यांनी कागद मोजले.

“बारावी सही?”

फ्रेमवाल्याने बायकोकडे पाहिलं. “अगं, तू बघते म्हणाली होतीस ना?”

“ती मिळणार नाही,” बायको म्हणाली.

“का? पैसे मागतोय का? देऊन टाकू.”

“नातं आहे.”

बाई उठल्या, चष्मा पुसला आणि फ्रेमजवळ जाऊन वाचू लागल्या. वाणिज्य शाखा, दुसरा वर्ग, चार वर्षांपूर्वीची तारीख. नाव वाचून झाल्यावर त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं, मग फ्रेमवाल्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कुतूहल आलं.

फ्रेमवाला पुढे झाला. उभ्या आयुष्यात भिंतीवरचा मजकूर त्याने पहिल्यांदा वाचला. पहिला शब्द बायकोचा होता, दुसरा सासऱ्यांचा. मग त्याचं बोट आपोआप कोपऱ्याकडे गेलं.

“हे कोपरे कुणी जुळवले?”

“मीच. तुम्ही जेवायला घरी यायचात तेव्हा दुकान कोण सांभाळायचं?”

“चांगले बसलेत.”

“आई,” बेबी म्हणाली, “दुसरा वर्ग?”

“पहिला अकरा गुणांनी गेला. तुला त्या वर्षी कांजिण्या होत्या.”

“पण मला सांगितलं का नाहीस?” फ्रेमवाल्याने विचारलं.

“नापास झाले असते तर तुम्ही गिऱ्हाइकांना सांगितलं असतंत. पास झाले, तेव्हा म्हटलं, भिंतीवर लावू, वाचतील. चार वर्षं झाली वाट बघतेय.”

बाईंनी घसा साफ केला. “फ्रेमवाले, अनुदान तर गेलं. शिवाय तुम्ही खोटी माहिती दिलीत.”

“मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं.”

“असं लिहून द्याल?”

त्याने लिहून दिलं: माझी पत्नी पदवीधर आहे हे मला आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. खाली सही. बाईंनी तो कागद फाईलमध्ये इतका जपून ठेवला, की तो कॉलेजसाठी नाही हे उघड दिसत होतं.

“पण मग उद्या मुदत संपते,” बेबीचा आवाज बारीक झाला होता. “माझी जागा?”

बाईंनी अर्ज उलटला. “दुसरा पर्याय भरलेला आहे की. निम्म्या फीची सवलत. उत्पन्नाचा दाखला जोडलाय. हे मी आजच मंजुरीला टाकते. उरलेली फी हप्त्याने. अक्षर वेगळं आहे, तुम्ही भरलंत का?”

“पाकीट चिकटवण्याआधी,” बायको म्हणाली. “ग्रंथालयातल्या कामासाठीही चिठ्ठी जोडलीय. ते सवलतीबरोबर चालतं.”

आता फ्रेमवाल्याला राहवेना. तीन दिवस जो प्रश्न त्याने अकरा दारांत विचारला, तो घरात विचारायचा राहिला होता. “तुझी फी कोणी भरली?”

“निम्मी सवलत. पुस्तकं ग्रंथालयातून. बाकीचं कमवा आणि शिका.”

“कुठे कमावलंस?”

“तुमच्याच दुकानात. काचा पुसल्या, पट्ट्या घासल्या, वह्या लिहिल्या. दर आठवड्याला गल्ल्यातून माझी मजुरी काढून घेत होते. वहीत आहे सगळं, ‘किरकोळ’ या सदराखाली.”

बाई निघून गेल्यावर फ्रेमवाल्याने वही काढली आणि, नवी सवय म्हणून, मजकूरही वाचला. किरकोळ किरकोळ करत सहा वर्षांत एक पदवी झाली होती. मग पुठ्ठ्याच्या नव्या तुकड्यावर त्याने शेवटचा हिशेब मांडला. बेबीची फी साठ हजार: तीस कॉलेज सोडणार, आठ बेबी ग्रंथालयात बसून मिळवणार, बावीस दुकान दहा हप्त्यांत भरणार. बायकोची फी: दुकानाने भरली, न कळता. भिंतीवरच्या बारा फ्रेमांपैकी अकरांचे सहा हजार सहाशे बुडाले, वकिलाचे शंभर उलट गेले. बाराव्या फ्रेमचे मात्र पट्टी, काच, हुक धरून नऊशे पूर्ण जमा होते, तारीखवार, पावतीसकट. पदवीधरांत पैसे चुकते करणारी तेवढी एकच निघाली, आणि तिने ते त्याच्याच गल्ल्यातून घेऊन त्याच्याच गल्ल्यात भरले होते.