अपवाद असेल तरच कळवा

साळवेंना सकाळी “काय, कसे आहात?” असं विचारलं, तर ते “बरा आहे” म्हणत नाहीत. “अपवाद नाही,” म्हणतात आणि पुढे निघून जातात. नवा माणूस दचकतो. आम्ही जुने लोक माना खाली घालतो. त्यांच्या वाटणीची लाजही आम्हालाच वाटून घ्यावी लागते.

नगरच्या एमआयडीसीत आमचा पंपांचा कारखाना आहे. तिथं साळवे संगणक विभाग बघतात, मी हिशेब विभाग. पूर्वी स्टोअरमधून दिवसभर फोन यायचे, “माल आहे.” थोड्या वेळानं पुन्हा, “माल आहे.” साळवेंनी नवी सिस्टीम बसवली. माल असेल तर गप्प बसायचं, कमी पडला तरच पडद्यावर लाल खूण. फोन थांबले, कामं भराभर उरकू लागली आणि मोठ्या साहेबांनी साळवेंना शाल-श्रीफळ दिलं. तिथंच घात झाला. त्या दिवसापासून त्यांना सगळं जगच स्टोअर दिसू लागलं.

श्रीरामपूरला भाचीच्या लग्नाला मी त्यांना नेलं, ही माझीच हौस. आमचे दाजी मांडवाच्या दारात उभं राहून प्रत्येकाला हात जोडत होते, “जेवल्याबिगर जायचं नाही बरं का!” साळवेंनी थोडा वेळ सोसलं. मग दाजींच्या कानाशी लागले. “ही पायरी कशाला? लग्नाला आलेला माणूस जेवतोच. जो जेवणार नाही, त्यानं येऊन सांगावं. अपवाद असेल तरच कळवा!”

दाजींनी जोडलेले हात तसेच ठेवून मला विचारलं, “हे पाव्हणं कोणाचं?”

“मुलाकडचे असतील,” म्हणत मी मांडवाच्या खांबाआड झालो.

साळवेंनी लग्न केलं नाही. डबा स्वतःच करतात. आई घोडेगावला एकटी राहते. गाव सोडायला तयार नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा, “जेवलास का रं?” एक दिवस साळवे तिला म्हणाले, “आई, मी रोज जेवतोच. काही बिघडलं तरच फोन करत जा.” फोन बंद. “एकदा सांगितलं आणि लगेच अंमल,” ते कँटीनभर सांगत फिरले. “नाहीतर तुम्ही लोक!”

पुढं भावासाठी म्हैस बघायला मी घोडेगावच्या बाजारात गेलो, साळवेही बरोबर आले. टॉवेलाखाली बोटं दाबून चाललेला सौदा ते सुधारायला जाण्याआधीच मी त्यांना ओढून त्यांच्या घरी नेलं. दारातच शेजारीण भेटली.

“आता आलास व्हय, मिलिंदा? तुझी माय तापानं फणफणली हुती. मी पेज पाजली तिला.”

आई भिंतीला धरत बाहेर आली. साळवे ओरडलेच, “अगं, फोन का नाही केलास?”

“तूच म्हनला हुतास, बिघडलं तर कर. ताप म्हंजी काय बिघाड व्हय? उतरला की! तुला तिकडं लई कामं असत्यात.”

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. साळवे चपलांकडं बघत उभे राहिले. दुसऱ्यासाठी लाजायचा मला चांगला सराव आहे. पण ते स्वतः लाजलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

परतताना एसटीत ते म्हणाले, “रोज फोन कर म्हटलं, तर हो म्हणेल आणि करणार नाही. मला त्रास होतो, हे तिच्या मनात मीच बसवलंय.”

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी डबा उघडला आणि फोन लावला.

“आई, बिघाड आहे. वांग्यात मीठ लई झालंय. काय करू?”

पलीकडून इतका खणखणीत सल्ला सुरू झाला, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. शेवटी, “आन् जेव आता पोटभर!”

मग रोजच बिघाड. आमटी पातळ, भाकरी कडक, भात चिकट. कँटीनमध्ये हशा पिकायचा. एकदा खोडी म्हणून, ते फोनवर असतानाच, मी त्यांच्या डब्यातली भाजी उचलून तोंडात टाकली. मीठ अगदी बेताचं होतं. ही बातमी टेबलावर उभं राहून जाहीर करायला मी उठलोच होतो. साळवेंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

“काय खारट हो साळवे!” पलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं मी ओरडलो. “रोज असंच करता तुम्ही!”